कण्यापासून वर

मेंदूवरची पुस्तकं बहुधा वरून सुरू होतात. आधी मोठ्या मेंदूच्या वळ्या, मग त्यातली भाषेची, दृष्टीची, स्मरणाची ठिकाणं, त्यानंतर लहान मेंदू, आणि शेवटी पानं उरलीच तर मज्जारज्जू. तोही एका आकृतीत आणि दोन परिच्छेदांत उरकलेला: मेंदूचे हुकूम खाली नेणारी आणि शरीराच्या खबरी वर आणणारी दोरी. या पुस्तकात तो क्रम उलटा आहे. पहिली पाच प्रकरणं मज्जारज्जूची आहेत आणि मोठा मेंदू थेट उत्तरार्धात येतो. हे वाचकाला चकवण्यासाठी केलेलं नाही. मज्जारज्जूला नुसता निरोप्या मानलं की मेंदूही चुकीचाच समजतो, असं माझं मत आहे, आणि ही प्रस्तावना त्या मताची बाजू मांडण्यासाठी आहे.

मुळात मेंदू कुठे संपतो आणि मज्जारज्जू कुठे सुरू होतो? शवविच्छेदनाच्या टेबलावर ही सीमा दाखवायला सांगितलं तर बोट ठेवावं लागतं ते हाडावर. कवटीच्या तळाशी एक मोठं छिद्र आहे. त्याच्या वर जे आहे त्याला आपण मेंदू म्हणतो, खाली जे आहे त्याला मज्जारज्जू. आतल्या ऊतीवर मात्र तिथे कसलीही रेघ नाही. लंबमज्जेतले, म्हणजे मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागातले, तंतू त्याच ओघात खाली उतरतात, तीच तीन आवरणं दोघांना गुंडाळतात आणि तेच पाणी दोघांभोवती फिरतं. हे पाणी एका वेळी दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतं, पण दिवसाला अर्धा लिटर नवं तयार होतं आणि जुनं शोषलं जातं. सुमारे 1400 ग्रॅमचा मेंदू त्यात तरंगतो, म्हणून कवटीच्या तळावर त्याचा भार जेमतेम 50 ग्रॅमचा पडतो. हे पाणी नसतं तर मेंदू स्वतःच्याच वजनाने खालच्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबून बसला असता.

दोघांचा जन्मही एकच. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक पट्टी जाड होते, तिच्या कडा उचलल्या जातात, मध्ये पन्हळ पडते आणि कडा एकमेकींना मिळून नळी बनते. 28व्या दिवसाच्या सुमारास ही नळी दोन्ही टोकांना मिटलेली असते. वरचं टोक फुगत जाऊन मेंदू होतो आणि उरलेल्या नळीचा मज्जारज्जू होतो. वरचं टोक मिटलं नाही तर मूल मेंदूच्या मोठ्या भागाविना जन्मतं आणि जगत नाही. खालचं मिटलं नाही तर पाठीवर उघडी जखम किंवा पाण्याची पिशवी घेऊन येतं आणि अनेकदा त्याचे पाय लुळे असतात. हे सगळं घडतं त्या दिवसांत बऱ्याच स्त्रियांना आपण गरोदर आहोत हेही कळलेलं नसतं.

ही नळी नीट मिटावी म्हणून आज फॉलिक ॲसिडची गोळी देतात. तिच्या इतिहासाचा एक धागा परळपर्यंत पोहोचतो. 1928 साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांमधल्या गरोदर कामगार बायकांना विचित्र प्रकारचा ॲनिमिया होत होता. त्यात तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या दिसत. हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांनी या बायकांच्या ताटात काय असतं आणि काय नसतं ते तपासलं, माकडांना तसाच आहार देऊन पाहिला आणि शेवटी यीस्टच्या स्वस्त अर्काने, म्हणजे मार्माइटने, हा आजार बरा होतो हे दाखवलं. 1931 साली ते प्रसिद्ध झालं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ कोणता, हे कळायला आणखी काही वर्षं गेली. 1941 साली पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि फॉलिक ॲसिड हे नाव रूढ झालं. त्यानंतर अर्ध्या शतकाने, 1991 साली, सात देशांत घेतलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. आधीचं मूल अशा दोषाचं जन्मलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून ही गोळी घेतली, तर पुढच्या मुलात तो दोष येण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. विल्स रक्त तपासत होत्या, गर्भाच्या मज्जारज्जूचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. वैद्यकात असं पुष्कळदा होतं आणि कार्यकारणाच्या सरळ रेषा काढणाऱ्या पाठ्यपुस्तकांना ते आवडत नाही.

प्रौढ माणसाचा मज्जारज्जू सुमारे 45 सेंटिमीटर लांब असतो, जाडीला करंगळीएवढा, वजनाला 35 ग्रॅमच्या आसपास. मेंदूच्या तुलनेत हे काहीच नाही आणि त्याच्याकडे दुर्लक्ष होण्याचं एक कारण हेही असावं. शिवाय पाठीचा कणा जिथपर्यंत जातो तिथपर्यंत तो जात नाही. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात दोघांची लांबी सारखी असते. पुढे हाडं भराभर वाढतात आणि रज्जू मागे पडतो. जन्माच्या वेळी त्याचं टोक कमरेच्या तिसऱ्या मणक्याशी असतं, मोठेपणी पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी. त्याखालच्या पोकळीत फक्त पाणी आणि खाली उतरणाऱ्या नसांचा झुबका उरतो. ‘पाठीतलं पाणी काढायचं आहे’ असं डॉक्टरांनी म्हटलं की घरच्यांचा चेहरा उतरतो. सुई रज्जूला लागली आणि माणूस कायमचा लुळा झाला तर काय, ही भीती असते. सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मध्ये घालतात. तिथे प्रौढाचा रज्जू पोहोचलेलाच नसतो आणि नसांचे सुटे धागे सुईसमोरून बाजूला सरकतात. जर्मनीत हाइनरिश क्विंके यांनी 1891 साली ही पद्धत मांडली. मेंदूज्वराचं निदान आजही तिच्यावर उभं आहे. सिझेरियनच्या वेळी कमरेत देतात ते भुलीचं इंजेक्शनही याच वाटेने जातं.

मज्जारज्जूतून नसांच्या 31 जोड्या निघतात. मानेच्या आठ, छातीच्या बारा, कमरेच्या पाच, त्रिकास्थीच्या पाच आणि माकडहाडाची एक. मानेचे मणके सात असताना नसा आठ कशा, हा प्रश्न विद्यार्थ्याला हमखास पडतो. पहिली नस पहिल्या मणक्याच्या वरून निघते आणि आठवी सातव्याच्या खालून, एवढंच त्याचं उत्तर. पण या आकड्यांचा पाठांतरापलीकडे उपयोग आहे. न्यूरॉलॉजिस्ट रुग्णाला तपासतो तेव्हा ‘काय झालंय’ याच्या आधी तो ‘कुठे झालंय’ हे शोधत असतो. अंगठ्याला बधिरपणा असेल तर मानेची सहावी नस, करंगळीला असेल तर आठवी, बेंबीच्या पातळीला छातीची दहावी. श्वासाचा पडदा हलवणारी नस मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या खंडांतून येते. म्हणून मानेत दोन बोटं वर झालेली इजा श्वास थांबवते आणि दोन बोटं खाली झालेली हातपाय घेते पण श्वास ठेवते. रस्त्यावरच्या अपघातात जखमीला हात-पाय धरून उचलून जीपमध्ये कोंबतात, तेव्हा मोडलेल्या मानेतला रज्जू पुन्हा एकदा चिरडला जाऊ शकतो. आठव्या प्रकरणात त्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे आणि बाकी काही नाही तरी ती पाच पानं तरी प्रत्येकाने वाचावीत, असा माझा आग्रह आहे.

रज्जू आडवा कापला की मधे फुलपाखरासारखा करडा भाग दिसतो आणि भोवती पांढरा. मोठ्या मेंदूत याच्या उलट, करडा बाहेर आणि पांढरा आत. करड्या भागात पेशी, पांढऱ्या भागात त्यांचे लांब तंतू. फुलपाखराच्या मागच्या पंखांत संवेदना येतात आणि पुढच्या पंखांतून स्नायूंकडे आज्ञा जातात. ही वाटणी 1822 साली फ्रान्सच्या मॅजेंदी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून सिद्ध केली. इंग्लंडच्या चार्ल्स बेल यांनी 1811 साली खाजगीत छापलेल्या पुस्तिकेच्या आधारे त्या शोधावर आपला हक्क सांगितला आणि दोघांत बराच काळ वाद धुमसला. मॅजेंदी यांचे प्रयोग इतके निर्दय होते की त्यांच्यामुळे इंग्लंडमध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध संताप उसळला. भूल तेव्हा यायची होती, हे खरं. तरी वाचताना अंगावर काटा येतोच.

पुढच्या पंखांतल्या पेशी नेमक्या मेल्या तर काय होतं हे पोलिओने दोन-तीन पिढ्यांना दाखवलं. संवेदना शाबूत, बुद्धी शाबूत, आणि पाय वाळलेला. मुंबईत याचं एक वेगळंच रूप दिसलं. 1971 साली डोळे येण्याची प्रचंड साथ आली. डोळे लाल, पाणी, सूज, चार-आठ दिवसांत बरे. त्यानंतर काही आठवड्यांनी त्यातल्या थोड्या रुग्णांच्या कमरेत आणि पायांत तीव्र वेदना सुरू झाल्या आणि पाय गळाले. मोठ्या माणसांना पोलिओ होतोय की काय, असं वाटावं अशी ती स्थिती होती. जे. जे. रुग्णालयातले न्यूरॉलॉजिस्ट नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आलेले डोळे आणि गेलेले पाय यांचा संबंध जोडला आणि 1973 साली तो ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. डोळ्यांच्या साथीचा विषाणू पोलिओच्याच कुळातला निघाला. आधी काय झालं होतं हे रुग्णाला नीट विचारण्यातून एवढा मोठा शोध लागू शकतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता पांढरा भाग. त्यातल्या वाटा एकमेकींना कुठे ओलांडतात हे कळलं की मज्जासंस्थेचं निम्मं कोडं सुटतं. मेंदूचा उजवा अर्धा भाग डाव्या अंगाला हलवतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती फुली लंबमज्जेच्या तळाशी पडते. पण वेदना आणि उष्णतेच्या वाटा इतक्या वर जाण्याची वाट पाहत नाहीत. त्या रज्जूत शिरल्या शिरल्या पलीकडे जातात. स्पर्शाची बारीक जाण आणि सांधा कुठल्या स्थितीत आहे याची जाण मात्र आपल्याच बाजूने वर जाते आणि लंबमज्जेत ओलांडते. आता समजा रज्जूचा फक्त उजवा अर्धा भाग सुरीने कापला गेला. त्या पातळीखाली उजवा पाय लुळा होईल आणि डोळे मिटले तर तो कुठे आहे हे कळणार नाही; पण त्याला चटका बसला तर कळेल. डावा पाय व्यवस्थित चालेल, पण त्याला चटका बसलेला कळणार नाही. चार्ल्स-एदुआर ब्राउन-सेकार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे उलगडलं. मॉरिशसमध्ये जन्मलेला हा हरहुन्नरी माणूस. वयाच्या 72व्या वर्षी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेऊन त्याने आपण तरुण झाल्याचं जाहीर केलं आणि स्वतःची थट्टा करून घेतली. एका आयुष्यात इतकी नेमकी बुद्धी आणि इतका भाबडेपणा एकत्र सापडणं विरळाच.

इथवरच्या वर्णनावरून कुणी म्हणेल की वाटाच तर आहेत, म्हणजे शेवटी निरोप्याच. या आक्षेपासाठीच पाचवं प्रकरण लिहिलं आहे. गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारली की पाय उडतो, हे शाळेतही सांगतात. स्नायू ताणला गेल्याची खबर रज्जूत जाऊन तिथूनच आज्ञा परत येते. साधारण 20 मिलिसेकंदांत स्नायू हलायला लागलेला असतो, आणि मेंदूला ते मागाहून समजतं. पण ही फार साधी गोष्ट झाली. टॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी 1911 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांजराचा रज्जू मेंदूपासून तोडला, पायांकडून येणाऱ्या संवेदनांच्या मुळ्याही कापल्या, तरी मागच्या पायांच्या स्नायूंत चालण्याची लय दिसली. वाकवणारा स्नायू, ताठ करणारा स्नायू, पुन्हा वाकवणारा. वरून हुकूम नाही, खालून खबर नाही, आणि तरी पावलं पडत होती. म्हणजे ‘चालणं’ ही गोष्ट रज्जूत रचलेली आहे. मेंदू ती सुरू करतो, थांबवतो, वळवतो, खड्डा दिसला तर पाऊल लांबवतो. प्रत्येक स्नायूची पाळी मात्र तो मोजत बसत नाही. (हे ग्रॅहम ब्राउन नामांकित गिर्यारोहक होते. मों ब्लांच्या अवघड कड्यावरचे त्यांचे मार्ग अजूनही चढणाऱ्यांच्या बोलण्यात असतात.) त्यांचा निष्कर्ष पुढची पन्नासेक वर्षं जवळपास दुर्लक्षित राहिला.

वेदनेचंही तेच. पायाचं बोट उंबऱ्याला आपटलं की आधी लख्ख कळ येते आणि क्षणभराने मंद, भाजल्यासारखा ठणका. पहिली खबर जाड तंतूंनी आलेली असते, दुसरी सेकंदाला मीटरभर चालणाऱ्या बारीक तंतूंनी. आपण ते बोट चोळतो आणि खरंच बरं वाटतं. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली त्याचं कारण सुचवलं: स्पर्शाचे तंतू रज्जूच्या मागच्या पंखातच वेदनेचा रस्ता अडवतात, आणि मेंदूही वरून तो दरवाजा उघडझाप करतो. त्यांच्या आराखड्यातले तपशील पुढे बदलावे लागले, पण किती वेदना वर जाऊ द्यायची याचा निवाडा रज्जूत होतो हे टिकलं.

मग मेंदूच्या वाट्याला काय उरतं? भरपूर, आणि त्यासाठी पुस्तकाचा अर्ध्याहून अधिक भाग दिला आहे. इथे फक्त काही खुणा. लंबमज्जा श्वासाची लय सांभाळते. तिच्यात बोराएवढी इजाही प्राणघातक ठरू शकते, तर मोठ्या मेंदूतून लिंबाएवढा भाग काढूनही माणूस कामावर परत गेल्याची उदाहरणं आहेत. आकार आणि महत्त्व यांचा संबंध इथे सरळ नाही. मेंदूतल्या चेतापेशी ‘शंभर अब्ज’ असतात असं वर्षानुवर्षं छापलं जात होतं आणि तो आकडा कुठून आला हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. 2009 साली ब्राझीलमध्ये सुझाना हर्कुलानो-हाउझेल आणि त्यांच्या गटाने चार मेंदू अक्षरशः विरघळवून पेशींची केंद्रकं मोजली. उत्तर आलं सुमारे 8600 कोटी. त्यातल्या सुमारे 6900 कोटी लहान मेंदूत, जो वजनाने एक-दशांशच असतो. तोल आणि हालचालींचा नेमकेपणा त्याच्याकडे असतो, इतकं आपण शिकलो; पण एवढ्या पेशी केवळ तेवढ्यासाठी कशाला, हा प्रश्न अजून खुला आहे. वाडियांचाच आणखी एक शोध इथे येतो. चालताना झोकांड्या आणि त्याबरोबर डोळ्यांची विलक्षण संथ हालचाल, असा आनुवंशिक आजार त्यांनी 1971 साली नऊ भारतीय कुटुंबांत नोंदवला. त्याचा जनुक सापडायला 1996 उजाडलं.

मोठ्या मेंदूबद्दलच्या गोष्टी बऱ्याच जणांनी ऐकलेल्या असतात, म्हणून त्या इथे पळत सांगतो. 1848 साली अमेरिकेत फिनिअस गेज या रेल्वे मुकादमाच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली आणि तो वाचला, पण स्वभावाने पालटला. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी बोलणं गेलेल्या रुग्णाचा मेंदू तपासून भाषेचं ठिकाण डाव्या बाजूला पुढे दाखवलं. यातली गेजची कहाणी मला नेहमी जरा फुगवलेली वाटते. अपघातानंतर तो चिलीत जाऊन घोडागाडी हाकत होता, हे सांगायला बरेच लेखक विसरतात. मला थांबावंसं वाटतं ते हेन्री मोलेसन यांच्यापाशी. अपस्मारासाठी 1953 साली त्यांच्या मेंदूच्या दोन्ही कुशींतला आतला भाग काढला आणि त्यानंतर नवी आठवण धरणं त्यांना जवळपास अशक्य झालं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर त्यांना दर वेळी नव्याने ओळख करून द्यायच्या. मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून तारा गिरवायला लावला. दिवसागणिक त्यांचा हात सफाईदार होत गेला, पण हे आपण आधी कधी केलंय, हे त्यांना आठवत नव्हतं. हात शिकतो आणि माणसाला पत्ता नसतो. आठवण ही एकच गोष्ट नसून तिची घरं वेगवेगळी आहेत, हे अशा प्रयोगांतून पक्कं झालं. रज्जूची प्रकरणं वाचून आलेल्या वाचकाला हे कमी धक्कादायक वाटेल, असा माझा अंदाज आहे.

मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरला जातो, उजव्या मेंदूची माणसं कलावंत आणि डाव्या मेंदूची हिशेबी असतात, वगैरे गोष्टींवर पुस्तकात वेळ घालवलेला नाही. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला अवयव विश्रांतीतही वीस टक्के ऑक्सिजन खातो. असा खर्चिक अवयव नव्वद टक्के रिकामा बसवून ठेवणं निसर्गाला परवडलं नसतं.

शेवटची दोन प्रकरणं दुखापतीनंतरच्या आयुष्याची आहेत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जू तुटलेली माणसं बहुधा वर्ष-दोन वर्षांत मरत. लुळेपणाने नव्हे, शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने. जर्मनीतून परागंदा झालेले लुडविग गुटमन 1944 साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडविलला आले. रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून देण्याचा त्यांनी दिवसरात्र हट्ट धरला. उपचार म्हणून त्यांनी खेळही आणले आणि 1948 साली तिथे भरलेल्या धनुर्विद्येच्या स्पर्धेतून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, उपचारासाठी पोहायला लागले आणि 1972 साली हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक घेऊन आले. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. चित्रपट आल्यावर त्यांचं नाव घरोघरी गेलं, त्याआधी कितीजणांना ठाऊक होतं?

2018 साली लोझानच्या संशोधकांनी मानेच्या जुन्या इजेमुळे अधू झालेल्या तीन पुरुषांच्या कमरेच्या रज्जूवर विजेची पट्टी बसवली आणि पावलागणिक योग्य जागी योग्य क्षणी स्पंदनं दिली. आधार घेऊन ते चालले. महिन्यांच्या सरावानंतर यंत्र बंद असतानाही त्यांना पायांच्या काही हालचाली स्वतःहून जमू लागल्या. इजेखालचा रज्जू मेलेला नव्हता, त्याच्यापर्यंत पुरेसं काही पोहोचत नव्हतं. या तिघांच्या इजा अपूर्ण होत्या, रज्जू पूर्ण तुटलेला नव्हता, हे विसरून चालणार नाही. ‘पॅरालिसिस बरा करणारी चिप’ अशा मथळ्यांवर पैसे घेऊन परदेशी निघालेल्या नातेवाइकांना हेच सांगावं लागतं.

जाणीव मेंदूत कशी उपजते, ‘मी’ नेमका कुठे असतो, यावर या पुस्तकात प्रकरण नाही. त्यावर सुंदर लिहिलेली पुस्तकं आहेत आणि त्यातली बरीचशी एकमेकांशी सहमत नाहीत. आकृत्या मात्र भरपूर दिल्या आहेत, आणि मज्जारज्जूच्या आडव्या छेदाची पान 41वरची आकृती आधी एकदा स्वतःच्या हाताने वहीत काढून मग पुढे जावं. ज्यांना थेट मोठ्या मेंदूकडेच जायचं असेल त्यांनी बाराव्या प्रकरणापासून वाचायला हरकत नाही. तिथल्या कंसातल्या खुणा त्यांना वारंवार मागे, रज्जूच्या प्रकरणांकडे, पाठवतील.